दोन फोन सारखे दिसतात, तेव्हा नेमके काय झालेले असते?

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एखाद्या मोबाइलच्या दुकानात काउंटरवर वेगवेगळ्या कंपन्यांचे पाच-सहा फोन पालथे ठेवले आणि नावाच्या जागेवर बोट धरले, तर कोणता फोन कोणाचा हे सांगताना रोज फोन विकणाराही क्षणभर थांबतो. कोपरे सारखेच गोलसर, कॅमेऱ्यांचा उंचवटा पाठीच्या वरच्या कोपऱ्यात, समोर कडेपर्यंत गेलेला पडदा आणि त्यात सेल्फी कॅमेऱ्यापुरते भोक. अशा वेळी ‘याने त्याची कॉपी मारली’ हा निकाल पटकन दिला जातो आणि चर्चा तिथेच संपते. परंतु सारखेपणा अनेक वाटांनी येतो. काही वेळा कोणीच कोणाचे काही घेतलेले नसते, काही वेळा घेतलेले असते पण ते घेणे योग्यच असते, आणि काही वेळा मात्र दुसऱ्याच्या कष्टांचे फळ सरळ उचललेले असते. या तिन्हींना एकच शब्द लावला, की खऱ्या नकलेवर बोट ठेवणे अवघड होऊन बसते.

जो सारखेपणा वस्तूच्या गरजेतून येतो, तो आधी बाजूला काढला पाहिजे. पडद्याची पॅनेल मोठ्या काचांमधून कापली जातात आणि आयताकृती तुकडे कापले तर काच कमी वाया जाते. मजकूर, फोटो आणि व्हिडिओ हेही आयताकृतीच असतात. त्यामुळे फोन आयताकृती होतो. टोकदार कोपऱ्यावर फोन पडला तर ताण एका बिंदूवर एकवटून काचेला तडा जातो, शिवाय तसा कोपरा खिशात आणि तळहातात टोचतो; त्यामुळे कोपरे गोल होतात. त्यात भर अशी की बहुतेक कंपन्या फोनचे मुख्य भाग स्वतः बनवत नाहीत. कॅमेऱ्याचे सेन्सर मुख्यतः सोनी आणि सॅमसंगकडून, प्रोसेसर क्वालकॉम किंवा मीडियाटेककडून, आणि पडदे सॅमसंग डिस्प्ले, एलजी डिस्प्ले, बीओई अशा मोजक्या कारखान्यांकडून घेतले जातात. पडदा बनवणाऱ्याने भोक पाडलेले पॅनेल परवडणाऱ्या दरात द्यायला सुरुवात केली, की अनेक कंपन्यांच्या पुढच्या फोनांना तेच भोक दिसू लागते. मायक्रोमॅक्स, कार्बन अशा भारतीय नावांनी एके काळी विकले गेलेले अनेक फोन तर चीनमधल्या कारखान्यांनी आधीच आखून ठेवलेले होते, आणि तसाच फोन दुसऱ्या देशात दुसऱ्या नावाने विकला जाऊ शकत होता. असे दोन फोन शेजारी ठेवून एकाने दुसऱ्याची नक्कल केली असे म्हणता येत नाही, कारण ते निघालेलेच एका साच्यातून असतात.

गरज कुठे संपते आणि निवड कुठे सुरू होते, ही सीमा मात्र नेहमी स्पष्ट नसते. तैवानच्या एचटीसी कंपनीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. धातूची पाठ रेडिओ लहरींना अडवते, म्हणून पूर्ण धातूच्या फोनला कुठे ना कुठे प्लास्टिकच्या पट्ट्या द्याव्याच लागतात, नाहीतर अँटेनाला काम करता येत नाही. एचटीसीने २०१३ मधल्या ‘वन’ या फोनच्या पाठीवर अशा पट्ट्या आडव्या नेल्या. २०१४ मध्ये आयफोन ६ आला, तर त्याच्याही पाठीवर आडव्या पट्ट्या होत्या. पुढे २०१५ मध्ये एचटीसीने ‘वन ए९’ आणला तेव्हा तो थेट आयफोन ६ सारखा दिसतो अशी टीका झाली, आणि पट्ट्यांची ती रचना मुळात आमचीच असून ॲपलनेच ती घेतली, असे उत्तर एचटीसीकडून आले. माझ्या मते दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर होत्या. पट्ट्या असणे ही भौतिकशास्त्राची अट होती आणि तिच्यावर कोणाचीच मालकी नाही. पण पट्ट्यांची नेमकी जागा, कडांची गोलाई, पुढच्या काचेचा कडेला मिळणारा उतार आणि रंग हे सगळे एकत्र जुळून येते तेव्हा त्याला योगायोग म्हणणे कठीण जाते. ‘ए९’ मधल्या सुट्या सुट्या गोष्टींचा खुलासा करता येत होता, पण त्या एकत्र आल्यावर जो ठसा उमटत होता त्याचा खुलासा त्या उत्तरात नव्हता.

वापराच्या सवयीतून येणारा सारखेपणा याहून वेगळा आणि माझ्या दृष्टीने स्वागतार्ह आहे. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढले की सूचना दिसतात, ही सोय अँड्रॉइडच्या २००८ मधल्या पहिल्या फोनपासून होती. आयफोनवर ती २०११ मध्ये आली. उघडी असलेली ॲप पत्त्यांसारखी शेजारी मांडायची आणि नको ते वर ढकलून बंद करायचे, ही कल्पना २००९ मधल्या ‘पाम प्री’ या फोनची. ॲपलने तिच्याशी मिळतीजुळती रीत २०१३ मध्ये स्वीकारली, २०१७ मध्ये आयफोन एक्सचे बटण काढून टाकल्यावर फोनचा सगळा वापरच अशा बोटांच्या हालचालींवर उभा केला, आणि पुढच्याच वर्षी अँड्रॉइडनेही तो मार्ग धरला. मोठ्या पडद्याबाबत प्रवाह उलट दिशेने वाहिला: सॅमसंगचा ५.३ इंची ‘नोट’ २०११ मध्ये आला आणि ॲपल ५.५ इंचांवर २०१४ मध्ये पोहोचली. या देवाणघेवाणीत ग्राहकाचे हित आहे, कारण फोन बदलला तरी हाताची सवय मोडत नाही. खंत एवढीच वाटते, की ज्या पामची कल्पना आज जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये आहे ती कंपनी २०१० मध्ये एचपीने विकत घेतली आणि २०११ मध्येच तिच्या फोनांचे उत्पादन थांबले. आपण रोज वापरतो ती हालचाल कोणाची होती हे फार थोड्यांना माहीत आहे.

आता कायद्याकडे वळू. फोनच्या बाबतीत कायदा गुंतागुंतीचा वाटतो, पण सोलापूरकरांच्या घरातल्या चादरीवरून तो चांगला समजतो. मागात कोणी नवी यंत्रणा शोधून काढली तर तिच्यासाठी पेटंट असते आणि ते २० वर्षे टिकते. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या जोडयंत्रावर, चढवलेली मोराची किंवा फुलांची नवी नक्षी ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे, तिच्यासाठी डिझाइनची नोंदणी असते. चादरीच्या कोपऱ्यावर शिवलेल्या लेबलावरचे नाव हा ट्रेडमार्क असतो. आणि ‘सोलापुरी’ हे नाव कोणा एका कारखानदाराचे नसून इथल्या सगळ्या उत्पादकांचे असते. त्याला भौगोलिक निर्देशन म्हणतात आणि सोलापुरी चादरीला ते मिळालेले आहे. बाहेरच्या गावी विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाते तेव्हा चोरी नावाची होते, नक्षीची होतेच असे नाही. आणि दुसऱ्याची नक्षी स्वतःच्या लेबलाखाली विकली तर चोरी नक्षीची होते, नावाची नाही. फोनमध्येही हे हक्क असेच वेगवेगळे चालतात. एरिक्सनने मायक्रोमॅक्सवर २०१३ मध्ये आणि शाओमीवर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावे लावले ते नेटवर्कच्या तंत्रज्ञानाच्या पेटंटवरून. फोन कसा दिसतो याच्याशी त्यांचा संबंध नव्हता.

दिसण्यावरून झालेला सर्वांत मोठा खटला ॲपल आणि सॅमसंग यांचा. एप्रिल २०११ मध्ये ॲपलने कॅलिफोर्नियात दावा दाखल केला. त्यात काही तांत्रिक पेटंट होती, पण सर्वांचे लक्ष वेधले ते तीन डिझाइन पेटंटांनी (दिसण्याला मिळणाऱ्या संरक्षणाला अमेरिकेत हे नाव आहे): काळ्या काचेचा सपाट दर्शनी भाग, गोल कोपऱ्यांभोवतीची कड, आणि पडद्यावर ओळीत मांडलेली रंगीत चिन्हे. खटल्यात सॅमसंगचा २०१० मधला १३२ पानांचा अंतर्गत अहवाल पुढे आला. त्यात गॅलेक्सी एस आणि आयफोन यांची पानोपानी तुलना करून आपल्या फोनमध्ये कुठे सुधारणा हवी हे नोंदवले होते. प्रतिस्पर्ध्याचा माल उघडून अभ्यासणे हा गुन्हा नाही, तसे सगळेच करतात. पण त्या अभ्यासातून बाहेर आलेली सुधारणा जेव्हा समोरच्याच्या दिशेने सरकत जाते तेव्हा न्यायालयात त्याचा अर्थ वेगळा लागतो. २४ ऑगस्ट २०१२ रोजी ज्युरीने ॲपलला सुमारे १.०५ अब्ज डॉलरची भरपाई देण्याचा निर्णय दिला. त्याच तारखेला दक्षिण कोरियातल्या सोलच्या न्यायालयाने मात्र सॅमसंगने ॲपलचे बाह्यरूप उचललेले नाही असे ठरवले आणि काही तांत्रिक पेटंटांबाबत दोन्ही कंपन्यांना दोषी धरले.

टॅबलेटच्या बाबतीत तर मतभेद आणखी स्पष्ट झाले. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाने २०११ मध्ये गॅलेक्सी टॅब १०.१ ची विक्री थांबवली. सॅमसंगने धातूची कड समोरच्या बाजूस आणून आणि स्पीकरची जागा बदलून १०.१ एन हे सुधारित रूप आणले आणि ते चालू शकले. इंग्लंडमध्ये जुलै २०१२ मध्ये न्यायमूर्ती बर्स यांनी मूळ टॅबलाही निर्दोष ठरवले, आणि सॅमसंगने नक्कल केलेली नाही हे ॲपलने स्वतःच्या ब्रिटिश संकेतस्थळावर जाहीर करावे असा आदेश दिला. आयपॅड एवढा ‘कूल’ हा टॅब नाही, हे त्यांच्या निकालातले निरीक्षण होते, आणि त्याचाच फायदा सॅमसंगला झाला. कॅलिफोर्नियाच्या ज्युरीनेही टॅबलेटच्या डिझाइनवरचा ॲपलचा दावा मान्य केला नव्हता.

एकाच वस्तूबद्दल इतके वेगळे निकाल का लागतात, हे समजण्यासाठी कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे हा प्रश्न विचारावा लागतो. अमेरिकेत कसोटी सामान्य ग्राहकाच्या नजरेची आहे: दुकानात नेहमीएवढे लक्ष देणाऱ्या माणसाला दोन्ही डिझाइन एकच वाटतील का? युरोपात कसोटी जाणकार वापरकर्त्याची आहे. त्या क्षेत्रातल्या आधीच्या वस्तू त्याने पाहिलेल्या असतात, म्हणून सगळ्यांत असणारा सपाट काचेचा भाग तो सोडून देतो आणि जाडी, पाठीची ठेवण, कडांचा उतार यांत फरक शोधतो. आपल्याकडेही असेच होते. चादर पहिल्यांदा घेणाऱ्या पाहुण्याला दोन नक्ष्या एकच वाटतात, आणि विणकराला त्यांतला फरक लांबूनच कळतो.

या खटल्याचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याचे मूळ कापडातच आहे. नक्कल सिद्ध झाली तर भरपाई किती? १८८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गालिच्याच्या नक्षीचा खटला आला होता. हार्टफर्ड कार्पेट कंपनीची नक्षी डॉब्सन नावाच्या उत्पादकांनी वापरली होती. गालिच्याच्या नफ्यातला नेमका किती भाग नक्षीमुळे मिळाला हे फिर्यादीला दाखवता आले नाही, म्हणून न्यायालयाने फक्त ६ सेंट भरपाई दिली. गालिचेवाल्यांमध्ये साहजिकच नाराजी पसरली, आणि १८८७ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला की डिझाइन चोरणाऱ्याने त्या वस्तूवरचा संपूर्ण नफा द्यावा. गालिच्यासाठी हा नियम न्याय्य होता, कारण गिऱ्हाईक गालिचा घेते ते बरेचसे त्याची नक्षी पाहून. मात्र सव्वाशे वर्षांनी तोच नियम फोनला लावला गेला, आणि फोन घेणारा कॅमेरा, बॅटरी, प्रोसेसर, किंमत असे सगळे पाहून घेतो. कोपऱ्यांच्या गोलाईसाठी संपूर्ण फोनचा नफा द्यायचा का, हा प्रश्न आधीच्या भरपाईतून उरलेल्या ३९.९ कोटी डॉलरच्या रकमेवरून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि डिसेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितले की कायद्यातली ‘वस्तू’ म्हणजे संपूर्ण फोनच असला पाहिजे असे नाही, ती त्याचा एखादा भागही असू शकते. ती कशी ठरवायची हे मात्र त्यांनी खालच्या न्यायालयावर सोडले. २०१८ मध्ये नव्या ज्युरीने ५३.९ कोटी डॉलर ठरवले आणि पुढच्याच महिन्यात दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली. वस्तू जितकी साधी तितका तिच्या दिसण्याचा वाटा मोठा, आणि ती जितकी गुंतागुंतीची तितका तो वाटा वेगळा काढणे अवघड. गालिचा आणि फोन यांच्यातला हा फरक कायद्याला अजूनही नीट मोजता आलेला नाही.

ॲपलकडे केवळ लुटली गेलेली कंपनी म्हणून पाहणेही बरोबर नाही. आयफोनवरच्या पहिल्या कॅल्क्युलेटरचे रूप ब्राउन या जर्मन कंपनीच्या १९८७ मधल्या कॅल्क्युलेटरवर बेतलेले होते, आणि तो घडवण्यात सहभागी असलेल्या डीटर राम्स यांचे ऋण ॲपलचे तेव्हाचे डिझाइनप्रमुख जॉनी आइव यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. २०१२ मध्ये आयपॅडच्या घड्याळात स्विस रेल्वेच्या प्रसिद्ध घड्याळाची तबकडी परवानगीशिवाय वापरली गेली. हान्स हिल्फिकर यांनी १९४४ मध्ये घडवलेली ती तबकडी आहे. स्विस रेल्वेने आक्षेप घेतल्यावर ॲपलने परवान्याचा करार केला, आणि वृत्तपत्रांनी त्यासाठी २ कोटी स्विस फ्रँकचा आकडा दिला.

न्यायालयापर्यंत कधीच न जाणारी, पण ग्राहकाला सर्वांत जास्त भोवणारी नक्कल वेगळीच असते: बाह्यरूप घ्यायचे आणि ते रूप ज्या कारणाने आले ते कारण सोडून द्यायचे. सप्टेंबर २०१७ मध्ये आयफोन एक्सच्या पडद्यावर खाच आली, कारण चेहरा ओळखण्यासाठी ३०,०००हून अधिक अदृश्य ठिपके फेकणारा प्रोजेक्टर, अवरक्त कॅमेरा आणि इतर सेन्सर तिथे बसवायचे होते. पडद्यात कापलेली जागा ही कल्पना पहिल्यांदा ॲपलची नव्हती, ‘इसेन्शियल’ नावाचा फोन त्याच वर्षी काही महिने आधी आला होता. परंतु २०१८ मध्ये जी लाट उठली ती आयफोन पाहूनच. त्यातल्या बहुतेक फोनांच्या रुंद खाचेत साधा सेल्फी कॅमेरा आणि कानाचा स्पीकर याखेरीज फारसे काही नव्हते. त्याहून लक्षात घेण्यासारखा भाग खालच्या कडेचा आहे. ॲपलने लवचीक पडद्याचे खालचे टोक आत दुमडून खालची पट्टी काढून टाकली होती, आणि तेच काम खर्चीक होते. नकलांमध्ये वर खाच आली पण खाली जाड पट्टी तशीच राहिली. म्हणजे तडजोड तेवढी उचलली गेली आणि जिच्यासाठी ती केली होती ती सोय मागे राहिली.

कॅमेऱ्यांचे तसेच झाले. हुआवेने मार्च २०१८ मध्ये पी२० प्रो या फोनच्या पाठीवर तीन कॅमेरे दिले आणि त्यांतला प्रत्येक काही काम करत होता. २०१९ मध्ये आयफोन ११ प्रोच्या चौकोनी उंचवट्यावर तीन कॅमेरे आले. त्यानंतर आठ-दहा हजार रुपयांच्या फोनांच्याही पाठीवर तीन-चार मोठी वर्तुळे दिसू लागली, ज्यांतला एकच कॅमेरा खरोखर फोटो काढण्याजोगा असतो आणि बाकीचे २ मेगापिक्सेलचे, काही फोनांत तर ०.०८ मेगापिक्सेलचे. यामुळे मला मनापासून राग येतो. यंत्रमागावर किंवा विडीच्या कामावर राबून साठवलेल्या पैशांतून कोणी मुलीसाठी फोन घेते, आणि तिला विकली जाते ती कॅमेऱ्यांची आकृती. कुठल्याही कंपनीचे डिझाइन यात कायद्याच्या भाषेत चोरले गेलेले नसते, म्हणून या नकलेविरुद्ध दाद मागायलाही कोणी नसते. दुकानात प्रत्येक कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारून घ्यावेत आणि शक्य असल्यास वाइड व झूम करून दोन फोटो काढून पाहावेत, एवढे मात्र ग्राहकाच्या हातात आहे.

नक्कल करणारा कायम नक्कलच करत राहतो असेही नाही. शाओमीच्या सुरुवातीच्या फोनांवर ॲपलच्या छायेचा आरोप सतत होत असे, आणि २०१४ मध्ये जॉनी आइव यांनी अशा अनुकरणाला चोरी आणि आळस म्हटले होते. त्याच शाओमीने ऑक्टोबर २०१६ मध्ये फ्रेंच डिझाइनर फिलिप स्टार्क यांच्यासोबत ‘मी मिक्स’ आणला. पडदा तीन कडांपर्यंत न्यायचा म्हणून त्यांनी कानाचा स्पीकर काढून चौकटीतून आवाज देणारी यंत्रणा बसवली, चेहरा फोनजवळ आला आहे हे ओळखायला पडद्यामागून ध्वनिलहरी वापरल्या आणि सेल्फी कॅमेरा खाली नेला. त्यामुळे सेल्फीसाठी फोन उलटा धरावा लागत असे, पण तो दोष त्यांच्या स्वतःच्या निर्णयातून आलेला होता. मौलिकता मी इथे पाहतो: एक गोष्ट ठरवली आणि तिच्यासाठी दहा ठिकाणी मोजावी लागणारी किंमत स्वतः मोजली. विवोने जानेवारी २०१८ मध्ये पडद्याखालचा बोटांचा ठसा वाचणारा सेन्सर विक्रीच्या फोनमध्ये सर्वप्रथम आणला, तेही असेच.

आपल्याकडे या विषयावर डिझाइन कायदा, २००० लागू आहे. तो आकार, नक्षी, रेषा आणि रंग यांच्या डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाला संरक्षण देतो आणि निव्वळ यांत्रिक रचनेला वगळतो. नोंदणी १० वर्षांची असते आणि ती ५ वर्षांनी वाढवता येते. नोंदणी न करता ‘माझे चित्र आहे, कॉपीराइट आहे’ असे म्हणून भागत नाही, कारण नोंदणीयोग्य डिझाइन औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा अधिक वेळा वस्तूंवर उतरवले गेले की कॉपीराइट कायद्याचे संरक्षण संपते. नक्कल झाली तर प्रत्येक वेळेसाठी २५,००० रुपयांपर्यंत आणि एका डिझाइनमागे एकूण ५०,००० रुपयांपर्यंत ठरावीक रक्कम मागता येते, किंवा तो मार्ग सोडून नुकसानभरपाई आणि मनाईहुकमासाठी दावा लावता येतो. मोबाइल कंपनीच्या दृष्टीने पहिली रक्कम नगण्य असल्याने खरा उपयोग दुसऱ्या मार्गाचा आहे. दावा जिल्हा न्यायालयात सुरू होतो, पण नोंदणीच मुळात चुकीची आहे असा बचाव प्रतिवादीने घेतला की तो उच्च न्यायालयाकडे जातो, आणि हा बचाव सहसा घेतला जातोच. त्याचा आधार बहुतेक वेळा एकच असतो: अर्जाच्या तारखेआधी ते डिझाइन भारतात किंवा जगात कुठेही लोकांसमोर आलेले होते. म्हणून फोन कंपन्या बाजारात येण्याआधीच नोंदणीचे अर्ज करतात, आणि येऊ घातलेल्या फोनांची चित्रे अनेकदा अशा नोंदणीच्या दफ्तरांतूनच बाहेर पडतात. सोलापुरातल्या एखाद्या तरुणाने फोनचे कव्हर घडवले असो की चादरीची नवी नक्षी, त्याने अर्ज करण्याआधी तिचा फोटो सर्वांना दिसेल असा टाकलेला असेल, तर नोंदणी रद्द करून घेण्यासाठी प्रतिस्पर्ध्याला तेवढा फोटो पुरतो.